आईच्या भिंतीला वार्निश

आमच्या अनाफोच्या हाताला जन्मात कधी चिखल लागला नाही. खोटं सांगत असेन तर जीभ झडो माझी. माझा सख्खा दीर तो, घरातलं शेंडेफळ. आमच्या कुलुगोंगो गावात रांगणारं पोरसुद्धा कोपरापर्यंत मातीत असतं, आणि हा बाबा चाळिशी गाठेपर्यंत नखं कोरत जगला. बरं, एखाद्याला नसेल मातीची आवड, म्हणून आपण सोडून देऊ. पण गावातल्या मातीच्या भिंती जपायला अनुदान आलं तेव्हा समितीचा अध्यक्ष कोण झाला? हाच. कपाळ माझं.

आमच्याकडे पीक घरात आलं, वारं कोरडं सुटलं, की बायका भिंती सारवायला घेतात. आज शेजारणीच्या, तालाताच्या घरी, मग माझ्याकडे, मग पलीकडे. माती, शेण, आणि दावादावाच्या झाडाच्या शेंगा उकळून काढलेलं काळपट तांबडं पाणी. लेप बसला की गुळगुळीत दगडाने घासायचा आणि मग वर लाल, काळी, पांढरी नक्षी. पावसाळा आला की नक्षी फिकी पडते, पुढच्या वर्षी पुन्हा घालायची. यात कुणाला कधी वाईट वाटलं नाही. जेवलेलं ताट आपण घासतोच की, त्यात रडायचं काय?

पुरुषांचं काम त्या दिवशी एवढंच. पाणी आणायचं, ज्वारीची दारू, म्हणजे पितो, गाळून तयार ठेवायची आणि बायकांच्या मध्ये यायचं नाही. तेवढंही अनाफोला कधी जमलं नाही. सारवणाच्या दिवशी त्याचं पोट दुखायचं. दरवर्षी, न चुकता. भाऊ पाण्याची मडकी वाहायचे आणि हा आईच्या खोलीत पाय पोटाशी घेऊन पडलेला. संध्याकाळी पितोची घागर फिरायला लागली की दुखणं पळालं. आणि सासूबाई? दोन रट्टे घालायचे सोडून चिखलाचे हात धुवायच्या आणि विचारायच्या, "जेवलास का रे, अनाफो?"

सासूबाईंचं नाव अतांपोका. जिभेने तिखट बाई. तोंडात चिलीम, चालताना डावीकडे कललेली, गिनी कोंबड्यांना अशा शिव्या घालायच्या की ऐकणाऱ्याने कान झाकावेत. मला पहिले बारा महिने त्यांनी 'ए' शिवाय हाक मारली नाही. पण अनाफो समोर आला की बाई लोण्यासारखी. त्याने काहीही करावं, कितीही दिवे लावावेत, त्यांचा प्रश्न एकच, जेवलास का.

अनाफोने दिवे खूप लावले. कुमासी शहरात गेला, मोठा माणूस होऊन येतो म्हणाला. काही वर्षांनी आला तो अंगात कोट आणि हातात चामड्याची पेटी. सगळा गाव पेटीकडे बघत होता. आत एक कंगवा आणि अर्धा पाव. मग त्याने गिनी कोंबड्या पाळायचा धंदा काढला. त्या एकेक करून मित्रांच्या पोटात गेल्या. मग निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका माणसाचा चिटणीस झाला, तो माणूस असा पडला की पुन्हा कुणी त्याचं नाव घेतलं नाही. या सगळ्याला पैसा कुठून आला असेल? सासूबाई शियाच्या झाडाच्या बियांचं लोणी काढून बोल्गाच्या बाजारात विकायच्या. आणि हा त्या लोण्यावर घसरत घसरत चाळिशीला आला.

मग एक दिवस जीप आली. राजधानीतून, अक्राहून, एक बाई उतरल्या, क्वार्तेंग मॅडम. त्यांची कसलीशी संस्था होती, तिचे पैसे कुठल्यातरी थंडीच्या देशातून यायचे. सासूबाईंच्या खोलीची भिंत बघून त्या छातीवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. भिंत होतीच तशी. दारावर अजगर, बाजूला फुटक्या तुंब्याच्या तुकड्यांची नक्षी, खाली गाईंच्या शिंगांची ओळ. मॅडमनी विचारलं, इथल्या समाजाशी बोलायचं आहे, कोणाशी बोलू? भर दुपार होती. आम्ही सगळे शेतात, कुणी लाकडाला, कुणी बाजारात. गावात रिकामा माणूस एकच होता, म्हणून समाज तोच झाला.

तिथून आम्हाला 'वारसा' हा शब्द ऐकू यायला लागला. अनाफो उठता बसता वारसा म्हणायचा. हा आपला वारसा आहे, वारशाला धक्का लागता कामा नये. पोरं तर अशी टपून बसली की कोंबडी भिंतीवर शिटली तरी ओरडायची, वारसा, वारसा. समिती झाली. त्यात अनाफो, पितोच्या घागरीभोवती बसणारे त्याचे दोन दोस्त आणि मी. मी समितीत आहे हे मला फलकावरून कळलं, तेही तालाताच्या मुलीने वाचून दाखवलं म्हणून. समितीत एक बाई लागतेच म्हणे. मी अनाफोला विचारलं, मला बैठकीला का बोलावलं नाहीस? तर म्हणतो, वहिनी, तुला कामं असतात.

अनुदानाचा पहिला हप्ता आला. त्यातून छातीवर आमच्या भिंतीचं चित्र असलेले बनियन आले, एक फलक आला, एक जाड दोरी आली. माहिती केंद्र म्हणून सिमेंटच्या विटांच्या चार भिंती छपराशिवाय उभ्या राहिल्या. शेवटचा हप्ता पाहणीनंतर मिळणार होता. मॅडम जाताना एवढंच म्हणाल्या होत्या की पुढच्या वेळी मी येईन तेव्हा हे चित्र असंच दिसायला हवं. साधं बोलणं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मॅडम, दरवर्षी आम्ही नवं काढतो, तुम्ही या तेव्हा ताजं बघा. पण हा पडला उंटावरचा शहाणा. याला वाटलं, चित्र असंच म्हणजे हेच, अगदी हेच. बोल्गाला कपाटं करणाऱ्या एका सुताराकडे गेला आणि वार्निशचे डबे घेऊन आला.

मातीच्या भिंतीला वार्निश. आम्ही बायका तोंडावर हात ठेवून बघत होतो. बाहेरची दोन माणसं लावून त्याने सगळी भिंत चकचकीत करून घेतली. स्वतः बनियन घालून लांब उभा. अजगर असा दिसायला लागला की नुकताच तेलातून तळून काढलाय. सासूबाईंनी भिंतीवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि विचारलं, "मग पुढच्या वर्षी मी काय करू?"

"तू आता आराम कर, आई," अनाफो म्हणाला. "आता हिला पुन्हा हात लावायची गरजच नाही. कायमचं काम झालं."

 त्याच भिंतीला पाठ टेकून बसायची सासूबाईंची जागा होती. लग्न होऊन आल्यापासून दुपारची चिलीम तिथेच. आता तिथे दोरी बांधली, फलक लावला, हात लावू नये. एकदा त्या सवयीने दोरीखालून वाकून जाऊन बसल्या, तर हा धावत आला. आई, तिथे टेकू नकोस, डाग पडतो. मी चुलीपाशी होते, हातातली पळी त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं. सासूबाईंनी त्याच्याकडे वर बघितलं. वाटलं, आता तरी चार शब्द सुनावतील. त्यांनी विचारलं, जेवलास का रे? आणि उठून समोरच्या कडुलिंबाखाली गेल्या. पुढे रोज तिथेच बसायच्या, स्वतःच्या भिंतीकडे तोंड करून, पाहुण्यासारख्या. पेरण्यांच्या सुमाराला एक दिवस तिथेच गेल्या. चिलीम अजून गरम होती.

पुरलं आम्ही लगेच. पण आमच्यात पुरलं म्हणजे संपलं नाही. पीक निघाल्यावर मोठं कार्य होतं, तेव्हा माणूस खरं पूर्वजांत जातो. तोवर तो आपल्याच दाराबाहेर उभा असतो, आत घ्या म्हणत. आणि बाईचं कार्य करायचं तर तिच्या खोलीची भिंत नवी करावी लागते. जुना लेप काढायचा, नवा घालायचा. पहिला घाव तिच्या धाकट्या मुलाने घालायचा. थोरल्याचा चालत नाही, सुनेचा नाही, कुणाचा नाही. जो शेवटी पोटातून आला त्यानेच.

आणखी एक आहे. आई गेली की थोरल्या सुनेने तिचे कपडे घालायचे, तिची चिलीम ओढायची, तिच्यासारखं चालायचं, बोलायचं. कार्य होईपर्यंत अधूनमधून असं करत राहायचं, लोक हसतात, रडतात, आई म्हणून हाका मारतात. त्या कपड्यांत ती काहीही बोलली तरी कुणी रागवायचं नाही. थोरली सून मी. मी डावीकडे कलून चालायचे, गिनी कोंबड्यांना त्यांच्याच शिव्या घालायचे, तर तालाता हसून हसून जमिनीवर बसायची. खरं सांगते, त्या असताना मला त्यांचं फारसं प्रेम नव्हतं. त्यांचं कापड अंगावर घेतल्यावर यायला लागलं.

पीक निघालं. पितोसाठी ज्वारी भिजत घातली, मोड आले, नातेवाइकांना निरोप गेले. आणि अनाफो म्हणाला, जरा थांबूया. मॅडम पाहणीला यायच्या आहेत. त्या येऊन गेल्या की भिंत काढू. आम्ही थांबलो. मॅडम आल्या नाहीत. झालेली पितो लोक असेच पिऊन गेले. पुन्हा दिवस ठरला, पुन्हा हा म्हणाला, थांबूया, पुढच्या बाजारापर्यंत नक्की येतात. उन्हं तापायला लागली, लोक कुदळींना दांडे बसवायला लागले. एकदा पाऊस पडला की सगळे शेतात, मग कसलं कार्य? सासूबाई आणखी एक वर्ष दाराबाहेर. मी नवऱ्याला, अकुग्रीला म्हटलं, तुम्ही थोरले ना, बोला काहीतरी. तो भला माणूस, म्हणजे निरुपयोगी. म्हणाला, घाव त्याचा आहे, मी त्याचा हात धरून घालू का?

शेवटी मीच गेले अनाफोकडे. तो त्या बिनछपराच्या केंद्रात खुर्ची टाकून बसला होता.

"वहिनी, तुला यातलं कळत नाही," तो म्हणाला. "भिंत गेली तर शेवटचा हप्ता गेला. मग या केंद्राला छप्पर कुठून घालू?"

"कसली माहिती देणार आहेस रे इथे बसून? तुला शेण कुठून येतं ते तरी माहीत आहे का?"

"आईच्याच नावाने केंद्र आहे हे. मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे. आईचं नाव कायम राहील."

"छान," मी म्हटलं. "नाव छपराखाली आणि आई उन्हात."

तो नखं बघायला लागला. मी परत आले ती सरळ तालाताच्या घरी. आम्ही दोघींनी दिवस ठरवला आणि गावभर बायकांना सांगितलं, माती घेऊन या. अनाफोला सांगितलं नाही. त्याला सांगून काय उपयोग, त्याचं पोट दुखलं असतं.

आणि बघा, नेमका त्याच दिवशी अनाफोला निरोप आला की मॅडम आज येतायत. तो सकाळपासून बनियन घालून दोरीपाशी उभा. समोरून बायका येतायत, डोक्यावर मातीच्या टोपल्या, शेंगांच्या पाण्याची मडकी. एकेक येऊन कडुलिंबाखाली बसली.  घाव पडल्याशिवाय त्यांना हात लावता येत नव्हता. अनाफो त्यांना समजावून थकला. 

मी सासूबाईंचं कापड नेसले, चिलीम तोंडात धरली आणि निघाले. तुम्हाला सांगते, मनात शिव्या तयार करून निघाले होते. एवढ्या वर्षांचं सगळं, कोट, कोंबड्या, पेटी, पोटदुखी, सगळं त्याच्या तोंडावर मारणार होते, आणि त्याला ऐकून घ्यावं लागणार होतं, कारण मी वहिनी नव्हते, आई होते. गावातल्या सगळ्या बायका ऐकायला होत्या. अशी संधी आयुष्यात पुन्हा येत नाही.

डावीकडे कलत कलत मी दोरीपर्यंत गेले, खालून वाकले आणि त्यांच्या जागेवर बसले. पाठ भिंतीला टेकली. उन्हाने वार्निश चिकट झालं होतं, कापड लगेच चिकटलं.

"डाग..." अनाफो म्हणाला आणि थांबला.

मी वर बघितलं. त्या जागेवरून कधी बघितलं नव्हतं मी त्याला. केस पिकायला लागले होते. बनियन पोटावर ताणलेला, गालफडं बसलेली. आई गेल्यापासून त्याला कुणी जेवायला हाक मारली नव्हती. मी तर मुळीच मारली नव्हती. शिव्या देण्यासाठी तोंड उघडलं आणि देवाशपथ सांगते, माझ्या मनात हे नव्हतं, पण तोंडातून निघालं, "जेवलास का रे, अनाफो?"

 "नाही," तो म्हणाला. "सकाळपासून नाही."

"मीही बाहेरच आहे रे," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच. "ऊन लागतंय. आत जाऊ दे मला."

 मग त्याने मागे हात केला, कुणीतरी त्यात कुदळ दिली. मी बाजूला झाले. दोरी त्याने सोडली नाही, तिच्यावरून पाय टाकून आत गेला आणि घाव घातला. खरं तर नुसता खरवडायचा असतो लेप. पण वार्निश खरवडलं जाईना. मग तो मारत सुटला. कवचासारखे तुकडे उडाले, आणि आत बघतो तर माती ओली, कुजलेली, पावसाळ्याचं पाणी तिच्यात कोंडून बसलेलं. अजगर दारावरून अख्खाच्या अख्खा खाली आला. अनाफो रडत होता आणि मारत होता, दोन्ही वाईट करत होता, कारण त्याला दोन्हींची सवय नव्हती. तळहाताची कातडी सोलली तरी थांबेना. तालाताने गाणं उचललं आणि बायका मातीच्या टोपल्या घेऊन उठल्या.

जीप कधी आली ते कुणी बघितलंच नाही. क्वार्तेंग मॅडम गर्दीतून पुढे आल्या तेव्हा अर्धी भिंत उघडी होती. मला वाटलं, आता रागावतील. कसल्या रागावतात. त्यांचे डोळे चमकायला लागले. हे काय आहे, कसला विधी आहे, हे तर जिवंत आहे, असं म्हणत त्या फोनवर फोटो काढायला लागल्या. मग अनाफोजवळ गेल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, अहवालात हेच हवं होतं, असं असेल तर हप्त्याची चिंताच नको. फक्त सुरुवात राहून गेली.

"पहिला घाव मिळाला नाही मला," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा घालून दाखवाल का? तसाच, दोरीवरून येऊन?"

अनाफोने घाम पुसला, त्यामुळे तोंडभर चिखल झाला. मी त्याला ओळखते. हप्ता म्हटलं की हा माणूस डोक्यावर उभा राहील. मी मान दुसरीकडे फिरवली, बघवणार नव्हतं मला.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "माझी आई एकदाच मेली."

त्याने कुदळ खाली ठेवली. मॅडम काहीतरी बोलत होत्या, तो ऐकत नव्हता. मातीच्या टोपलीत हात घालायला गेला, तर तालाता खेकसली, मध्ये येऊ नकोस, पाणी आण. त्याने रिकामं मडकं उचललं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्या अंगावर अजून सासूबाईंचं कापड होतं, पाठीला वार्निशचा मोठा डाग. वहिनी नाही म्हटलं त्याने.

"आई, पाणी आणतो," तो म्हणाला.

"आधी जेव," मी म्हटलं.